शब्द जमतात, शरीर अडते

पत्राचा सारांश: पत्रलेखिका वीस वर्षांच्या आहेत. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावातून त्या नाट्यशास्त्राची पदवी घेण्यासाठी शहरात आल्या असून सध्या दुसऱ्या वर्षात शिकतात. घरची शेती कापसाची आहे. शाळेपासून वक्तृत्व, काव्यवाचन आणि एकपात्री अभिनयाच्या स्पर्धांत त्यांनी भरपूर बक्षिसे मिळवली आणि त्याच जोरावर घरच्यांना राजी केले. यंदा मात्र फिजिकल थिएटर (शब्दांपेक्षा शरीराच्या हालचालींतून उभे राहणारे नाटक) आणि देहाभिनयाचा विषय सुरू झाला आणि त्यांचा धीर खचला. कोरा मुखवटा घालून चालणे, प्राण्यांसारखे हलणे, समूहाने एका लयीत सरकणे यांपैकी काहीच त्यांना जमत नाही. एका वर्गमित्राने तर ‘लाकूड’ असे नावच ठेवले आहे. वर्गातील तीन-चार मुली लहानपणापासून भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या आहेत आणि त्यांच्याशेजारी उभे राहायलाही पत्रलेखिकेला संकोच वाटतो. रोजचे एखादे काम करून दाखवा, असे सांगितल्यावर त्यांनी चहा करून दाखवला, तेव्हा शिक्षक म्हणाले, “चहा होत नाहीये, चहाची खूण होते आहे.” एकमेकांच्या अंगावर भार टाकण्याच्या सरावात त्या अवघडून जातात, फरशीवरच्या सरावाने उजवा गुडघा दुखू लागला आहे, आणि वडील फोनवर विचारतात, “रांगायला शिकायला शहरात पाठवलं का?” पुढील वर्षी अभिनयाऐवजी लेखन-दिग्दर्शन घ्यावे, सुट्टीत नृत्याचा वर्ग लावावा, की उसनवारी करून परराज्यातील एका महागड्या कार्यशाळेला जावे, असे तीन पर्याय त्यांच्यासमोर आहेत. “माझे शरीरच नटाचे नसेल, तर हा विषय मी का ओढत राहू?” असा त्यांचा प्रश्न आहे. ताजा कलमात त्या लिहितात, की सलग दोन प्रयोग झाले की घसा बसतो, त्यावरही काही उपाय असेल तर सांगावा.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात लिहिली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. शरीर अडते ही एक तक्रार आणि घसा बसतो ही दुसरी, असे तुम्ही धरून चालला आहात. मला ती एकच तक्रार वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण एका माणसाच्या हकिकतीवरून सांगता येईल.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे 1869 साली टास्मानियात जन्मलेले गृहस्थ नाटकांतील उतारे आणि कविता म्हणून दाखवत, म्हणजे साधारण तुमच्याच वाटेचे. कार्यक्रम करता करता त्यांचा आवाज बसू लागला. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घेतली की आवाज परत येई आणि पुन्हा रंगमंचावर उभे राहिले की जाई. तेव्हा बिघाड आवाजात नसून बोलताना आपण काहीतरी करतो त्यात असला पाहिजे, असा तर्क करून ते आरशांसमोर उभे राहिले आणि स्वतःला न्याहाळू लागले. वाक्य सुरू करण्याच्या क्षणी आपली मान मागे खेचली जाते, स्वरयंत्र दबते आणि तोंडाने आवाज करत श्वास ओढला जातो, हे त्यांना दिसले. पुढे त्यांच्या असेही लक्षात आले, की प्रभावी उभे राहायचे म्हणून ते पायांची बोटे जमिनीत रोवल्यासारखी आवळून धरत आणि तो ताण थेट गळ्यापर्यंत पोहोचत असे. आज जगभरातील नाट्यशाळांत त्यांच्या नावाने शिकवली जाणारी पद्धत या निरीक्षणातून निघाली. घशाचे मूळ पायाच्या बोटांत असू शकते, इतके जरी तुम्ही यातून घेतलेत तरी पुष्कळ झाले. (घसा वारंवार बसत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. स्वरतंतूंवर गाठी असतील तर कोणताही नाट्यव्यायाम त्यांना उपाय ठरत नाही.)

आता तुमच्या गृहीतकाकडे वळू. शब्दांचे नट वेगळे आणि शरीराचे नट वेगळे, आणि आपण पहिल्या जातीचे, असे तुम्ही मानता. आपल्या परंपरेत ही विभागणी अशी सापडत नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाने आंगिक (शरीराचे), वाचिक (वाणीचे), आहार्य (वेशभूषेचे) आणि सात्त्विक (मनातल्या भावाचे) अशी चार अंगे सांगितली ती एकाच अभिनयाची, आणि त्याच ग्रंथात मस्तकाच्या 13 हालचाली आणि 36 दृष्टी मोजून ठेवल्या आहेत. नुसत्या डोक्याच्या हालचालीकडे इतके बारकाईने पाहणाऱ्यांना आवाज देहाबाहेरून येतो असे वाटत नसणार. ही विभागणी अलीकडची आहे, आणि निदान महाराष्ट्रात तरी तिच्यात आपल्या वक्तृत्वस्पर्धांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

वक्तृत्वाच्या व्यासपीठावर तुमचे शरीर नेमके काय करत होते, हे एकदा आठवून पाहा. समोर पोडियम असल्यामुळे कमरेखालचे शरीर कुणाला दिसतच नव्हते, त्यामुळे ते काय करते याच्याशी तुम्हालाही देणेघेणे नव्हते. माइक उंचीला जमला नाही की हनुवटी वर जायची. ‘अध्यक्षमहोदय’ म्हणताना उजवा हात किंचित उचलला जायचा, आणि टाळीच्या वाक्याकडे जाताना खांदे वर चढून मान ताठ व्हायची. ही सगळी हालचालच होती आणि बक्षिसे मिळत गेल्यामुळे ती पक्की मुरली. म्हणून तुमच्या शरीराला काही येत नाही, असे मी म्हणणार नाही. त्याला एक गोष्ट फार चांगली येते आणि ती जिथे लागत नाही तिथेही ते तीच करत राहते. तुमच्या वर्गमित्राला जे लाकूड वाटले, ते बहुधा पोडियममागे उभे राहायला शिकलेले शरीर आहे.

कोऱ्या मुखवट्याचा त्रास तुम्हाला इतरांपेक्षा जास्त का होतो, हेही यातून उलगडते. झाक लकॉक हे फ्रेंच शिक्षक नाटकाकडे आले ते खेळ आणि शारीरिक शिक्षणाच्या बाजूने. पुढे इटलीत पादुआ येथे आमलेतो सार्तोरी या शिल्पकाराबरोबर काम करताना त्यांनी भावरहित चेहऱ्याचा चामड्याचा मुखवटा घडवून घेतला आणि 1956 साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या आपल्या शाळेत तो शिक्षणाचा पाया केला. हा मुखवटा पूर्ण चेहरा झाकतो आणि तो घातल्यावर बोलायचे नसते. तुमची आजवरची दोन हत्यारे म्हणजे चेहरा आणि आवाज, आणि नेमकी तीच काढून घेतली जातात. ज्याचे फारसे काही काढून घेतले गेले नाही, तो वर्गमित्र त्या खोलीत साहजिकच मोकळा वावरतो. मुखवटा घातल्यावर बहुतेक विद्यार्थी घाबरून हातांनी बोलू लागतात, म्हणजे चेहऱ्याचे काम हातांवर ढकलतात. तुम्हीही तसे करत असाल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढच्या वेळी मुखवटा चढवल्यावर काही दाखवू नका. फक्त खोलीत समोर काय आहे ते पाहा आणि त्याच्याकडे चालत जा. चालताना एक खांदा पुढे येतो का, टाच आपटते का, आपण जमिनीकडे पाहतो का, अशा गोष्टी मुखवट्यामुळे बघणाऱ्याला ठळक दिसतात आणि त्या तुम्हाला सांगणे हे शिक्षकांचे त्या तासाचे खरे काम असते. न सांगता ‘पुढचा’ म्हणाले, तर वर्ग संपल्यावर जाऊन विचारा.

अंग आकसण्यामागचे कारण तुम्ही लिहिलेले नाही, पण पत्राच्या ओळींमधून ते डोकावते. ‘पाय फाकवून उभे राहा’, ‘छाती उघडा’, ‘जागा व्यापा’ या सूचना ऐकल्या की अंग आकसते, असे तुम्ही म्हणता. पाय जुळवून बस, खाली बघून चाल, एवढ्या मोठ्याने हसू नकोस, ओढणी नीट कर, हे वयात आल्यापासून घरात, रस्त्यावर, एसटीत ज्या मुलीने दिवसातून अनेकदा ऐकले आहे, तिलाही प्रशिक्षण मिळालेलेच असते. फक्त ते कमीत कमी जागेत मावण्याचे असते आणि त्याची परीक्षा रोज होत असते. अभ्यासक्रमाच्या एका सत्रात ते पुसले जाईल, अशी अपेक्षा तुमच्या शिक्षकांनी ठेवू नये आणि तुम्हीही ठेवू नये. ओढणी आडवी बांधून सराव करताना बरे वाटत असेल तर खुशाल बांधा. एक मात्र सांगते, ते आकसणे तुमच्याजवळ साधन म्हणूनही आहे. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पुरुषांची बोलणी ऐकणारी सून उभी करायची झाली, तर ती कुठे भार टाकते, दाराच्या चौकटीला किती टेकते, हात कुठे ठेवते, हे तुमच्या शरीराला न शिकवता ठाऊक आहे. आकसणे आणि पसरणे या दोन्ही गोष्टी हव्या तेव्हा करता याव्यात, एवढ्यासाठी पसरायला शिकायचे.

भरतनाट्यम शिकलेल्या मैत्रिणींबद्दल तुम्हाला वाटणारा धाक मी समजू शकते. त्यांना अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसलेल्या स्थितीत, राहता येते, ताल अंगात असतो, दम टिकतो आणि हे सगळे वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळवलेले असते. ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण तालमीत त्यांच्याही अडचणी असतात आणि त्या तुमच्या नजरेस पडत नाहीत, कारण त्या देखण्या असतात. उचललेला हात सुरेख ठिकाणीच जाऊन थांबतो. पाठीचा कणा ढिला सोडून पोत्यासारखे बसायला सांगितले, तरी कुठेतरी एक रेषा नेटकी राहतेच. दिवसभर धुणीभांडी करून बस स्टॉपवर उभी असलेली बाई त्यांना बसवायची असेल, तर दिग्दर्शकाला घाम फुटतो. त्यांच्यातली एखादी मोकळेपणाने बोलणारी असेल तर तिला विचारून बघा; तिचे पत्रही माझ्याकडे येऊ शकले असते.

आता चहाकडे येऊ, कारण तुमच्या शिक्षकांचे ते एक वाक्य सबंध विषयाच्या किल्लीसारखे आहे. तुम्ही काय केले असेल, याचा मला अंदाज आहे. एका हातात नसलेले पातेले धरले, दुसऱ्या हाताने चिमूटभर काहीतरी टाकले, हात गोल फिरवला, कप पुढे केला. प्रेक्षकाला चहा कळला, म्हणजे माहिती पोहोचली. पातेल्याला वजन नव्हते, वाफ चेहऱ्यावर आली नाही, चहा उतू जाईल म्हणून नजर एकीकडे आणि साखरेच्या डब्यासाठी हात दुसरीकडे गेला नाही. तुम्ही चहा निवडला तो सगळे तसलेच काहीतरी निवडत होते म्हणून, असा मला संशय आहे. घरची शेती कापसाची असताना तुम्ही वेचणी का नेली नाहीत?

कापूस वेचताना माणूस काय करतो ते आठवा. बोंड उकललेले असते, पण त्याच्या वाळलेल्या टरफलाची टोके बोटांना बोचतात, म्हणून अंगठा आणि दोन बोटे टोके चुकवून आत जातात आणि सगळ्या पाकळ्यांतला कापूस एका हिसक्यात बाहेर येतो. जोर कमी पडला तर निम्मा आत राहतो. डावा हात एका झाडावर असताना उजवा पुढच्या झाडावर गेलेला असतो आणि डोळे त्याच्याही पुढचे बोंड शोधत असतात. कमरेला बांधलेली ओटी सकाळी हलकी असते. भरत जाईल तशी ती कंबर पुढे ओढते आणि तिला तोलण्यासाठी बाई पाठ मागे नेते. ओटी रिकामी करून आल्यावर पहिली काही पावले ती वेगळीच चालते. यात एकही भाव दाखवलेला नाही, तरी मजुरी किलोवर मिळते हे प्रेक्षकाला हातांच्या घाईतून कळेल. वर्गात हे करताना प्रत्येक बोंडाला बोटे किती उघडायची, हे तुम्हाला आठवावे लागणार नाही, ती आपोआप उघडतील. शिक्षकांना नेमके हेच हवे आहे आणि शहरात वाढलेल्या कथकच्या विद्यार्थिनीकडे ते नाही.

असे निरीक्षण मांडायला एक भाषा हवी, ती रुडॉल्फ लाबान या नृत्य आणि हालचालींच्या अभ्यासकाकडून घ्या. हालचालीत वजन, काळ, अवकाश आणि ओघ या चार गोष्टी पाहायच्या, असे त्यांचे सूत्र होते. जोर आहे की हलकेपणा, झटका आहे की संथपणा, दिशा थेट आहे की वळणाची, यांच्या जोडण्यांतून त्यांनी आठ मूलभूत क्रिया ठरवल्या. दाबणे, ठोसा मारणे, पिळणे, टिचकी मारणे, तरंगणे या त्यांपैकी काही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये त्यांनी एफ. सी. लॉरेन्स या व्यवस्थापन सल्लागाराबरोबर कारखान्यांतील कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि त्यातून 1947 साली पुस्तक निघाले. म्हणजे ज्या पद्धतीवर आज नाट्यशाळांत तास घेतले जातात, तिच्या घडणीत यंत्रावर उभ्या असलेल्या कष्टकऱ्यांचाही भाग आहे. कापसाचे बोंड खुडणे ही हलकी, झटक्याची, थेट क्रिया. भरलेले गाठोडे डोक्यावर घेणे ही जोराची आणि संथ. आता तुमच्या पाठ असलेल्या एखाद्या स्वगताचे एकच वाक्य आधी खुडण्याच्या क्रियेबरोबर म्हणा आणि मग गाठोडे उचलण्याच्या क्रियेबरोबर. आवाज ठरवून बदलू नका. तो स्वतःहून बदलेल आणि बदलताना घसा मोकळा राहतो की आवळतो, तेही कळेल. तुमच्यासारख्या शब्दांकडून आलेल्या विद्यार्थ्यांना शरीराकडे जाण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

समूहाच्या कामात मागे पडण्याची भीती वाटते, असेही तुम्ही लिहिले आहे. मराठी रंगभूमीवरील समूहाच्या देहाचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे 1972 सालच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील बारा ब्राह्मणांची रांग. ती डुलते, गाते, पाठ फिरवून भिंत होते, उघडून वाट देते. कधी पडद्यासारखी मागचे झाकते आणि नको तेव्हा दाखवते. तिच्या नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांच्या, पण रांगेत उभे होते ते पुण्याच्या एका हौशी संस्थेचे नट. शेजाऱ्याचा श्वास आणि भार ओळखून त्याच क्षणी आपला भार बदलणे, ही त्या रांगेची खरी करामत होती. पाय डोक्यापर्यंत नेण्याशी तिचा काही संबंध नव्हता. समूहात तुम्ही मागे पडता, त्याचे कारण लवचिकतेत शोधू नका. आपण चुकतो आहोत का, हे पाहण्यात लक्ष गुंतलेले असते आणि तेवढ्यात रांग पुढे जाते. हा सराव सुरू झाला की डाव्या-उजव्या शेजाऱ्याच्या श्वासाकडे कान द्या. वक्त्याला सभागृह ऐकण्याची सवय असते, ती इथे कामी येईल.

प्राण्यांचा सराव हास्यास्पद वाटतो, हे तुमचे म्हणणे मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. तो वाईट रीतीने घेतला तर हास्यास्पदच असतो. वीस मुले चार पायांवर एकदम भुंकू लागली की त्यातून कुणी काही शिकत नाही. पण मणिपूरच्या हैस्नाम कन्हैयालाल यांनी 1975 साली बसवलेल्या ‘पेबेत’मध्ये सावित्री हैस्नाम यांनी उभी केलेली पक्षिणी याच वाटेने आलेली आहे. पिल्लांना मांजरापासून वाचवणाऱ्या त्या आईत भारतीय रंगभूमीवरील अनेकांना एका अवघ्या समाजाची राजकीय कोंडी दिसली. प्राणी निवडताना सोंगासाठी निवडू नका. गोठ्यातील म्हैस उठते तेव्हा आधी मागचे पाय उभे करते आणि क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर थांबते; तो थांबण्याचा क्षण तेवढा घ्या आणि तो एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या उठण्यात ठेवून बघा.

वडिलांना मात्र यातले काही फोनवर समजावू नका, फोनवर ते रांगण्यासारखेच ऐकू येईल. पोतराज आणि बहुरूपी त्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत. कोरडा (चाबूक) फिरवताना पोतराजाचे अंग कसे वळते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले सांगता येईल. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनाच विचारा आणि ते करून दाखवू लागले तर नीट पाहून घ्या. वेचणीचा तुकडा तयार झाला की तो आईला आणि शेतात येणाऱ्या बायांना करून दाखवा. चुका काढायला त्यांच्याहून कडक परीक्षक विद्यापीठात मिळणार नाहीत.

स्पर्शाच्या सरावाविषयी मला थोडे गंभीरपणे लिहायचे आहे. एकमेकांवर भार टाकण्याचे काम विश्वासाशिवाय होत नाही आणि विश्वास आदेशाने निर्माण होत नाही. सरावाआधी जोडीदाराशी बोलून कुठे हात चालेल आणि कुठे नाही हे ठरवणे, नको वाटल्यास मधेच थांबवणे आणि जोडीदार बदलून मागणे, हे तीनही तुमचे अधिकार आहेत. ते वापरल्याने तुम्ही मागास ठरत नाही. चांगले शिक्षक पाठीला पाठ टेकवून बसण्यापासून सुरुवात करतात आणि पुष्कळ दिवस तिथेच राहतात. ‘मलाही तेवढ्यापासून सुरू करू द्या’, असे सांगा. अवघडलेपणा आणि धोक्याची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला यांपैकी काय वाटते आहे, हे बहुधा आपल्याला कळते. दुसरी असेल तर नाटकासाठी सहन करण्याचे कारण नाही. त्यासाठी प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते.

आता तुमचे तीन पर्याय. लेखन-दिग्दर्शन तुम्हाला मनापासून हवे असेल तर जरूर घ्या, पण शरीरापासून सुटका म्हणून घेऊ नका, कारण ती तिथे मिळणार नाही. दिग्दर्शकाला दहा जणांची शरीरे एकाच वेळी वाचावी लागतात आणि नटाची अडचण खांद्यात आहे की वाक्यात, हे ओळखावे लागते. लेखकाचेही फारसे वेगळे नाही. ज्या पात्राला शरीर नाही ते नुसते भाषण करते आणि तुमचा मूळ धोका तोच आहे. यंदाचा विषय पूर्ण करून मग निवड करा.

सुट्टीतला नृत्यवर्ग वाईट नाही. दम आणि ताल यांसाठी तो उपयोगी पडेल. मात्र एका सुट्टीत पहिले अडवू (भरतनाट्यमचे पायाभूत पदन्यास) शिकून होतील आणि मैत्रिणींशी असलेले अंतर होते तितकेच राहील, त्यामुळे बरोबरी हा हेतू असेल तर लावू नका. त्याऐवजी तुमच्या महाविद्यालयात लेझीम शिकवणारे कुणी असेल तर मी तिकडे आधी जाईन. लेझमीत पाय, हात, श्वास आणि समूह एकत्र चालतात, खर्च नसतो आणि तुमच्या शाळेच्या मैदानावर ती तुम्ही कधीतरी खेळलाच असाल.

उसनवारी करून कार्यशाळेला जाण्याच्या मात्र मी विरोधात आहे, निदान आज तरी. चांगल्या जागा आहेत. वीणापाणी चावला यांनी 1981 साली मुंबईत सुरू केलेली आणि नंतर पुद्दुचेरीजवळ स्थिरावलेली ‘आदिशक्ती’ ही नाट्यसंस्था त्यांपैकी एक. श्वासापासून सुरू होणारे तिथले काम तुमच्यासारख्या वाचिकाच्या विद्यार्थिनीला पुढे खूप देऊ शकेल. पण अशा ठिकाणी आपला प्रश्न घेऊन जायचे असते आणि तुमचा प्रश्न अजून ‘मला जमत नाही’ इतकाच आहे. पदवीनंतर, स्वतःच्या पैशाने, ‘वाक्य सुरू करताना माझी मान आवळते, त्याचे काय करू’ असा प्रश्न घेऊन जा. इतर कुठल्या कार्यशाळेच्या जाहिराती येत असतील तर कोण शिकवणार, किती जण असणार, जमीन कसली आहे आणि दुखापत झाली तर काय सोय आहे, एवढे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. ‘दहा दिवसांत शरीर मोकळे’ असे लिहिलेले असेल तर काहीच विचारू नका आणि भरूही नका.

रोजच्या सरावासाठी वेळ मोठा नको, पण तो ठरलेला असू द्या. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, डोक्याखाली पातळसे पुस्तक ठेवा आणि स्वगत हळू आवाजात म्हणा. जमिनीला टेकलेला पाठीचा कोणता भाग कोणत्या शब्दाला उचलला जातो, तेवढेच पाहा. मग उभे राहून दोन्ही तळहातांनी भिंत ढकलत तेच म्हणा आणि मग चालत. आठवड्यातून एकदा मोबाइलवर चित्रीकरण करा, पण कॅमेरा कमरेखाली लावा, म्हणजे फक्त पाय दिसतील. चेहरा दिसला की तुम्ही चेहऱ्याला गुण देत बसाल. पायांच्या चित्रीकरणाला आवाज असतोच, तेव्हा टाळीच्या वाक्याला पायाची बोटे काय करतात, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. याशिवाय एक वही ठेवा आणि तिच्यात दिवसाला एका माणसाचे एकच काम लिहा. इस्त्रीवाला शर्टाची कॉलर कशी पलटतो, कंडक्टर चालत्या गाडीत कशाला टेकून तिकीट फाडतो, असे. ‘थकलेला’, ‘उदास’ असली विशेषणे त्या वहीत येऊ देऊ नका. भार कुठे आहे, आधी काय हलते, काय थांबते, एवढेच टिपा. स्पर्धांमधून आलेल्या, आवाज चांगला असलेल्या आणि हालचालीच्या तासाला मागच्या रांगेत उभे राहणाऱ्या इतर वाचकांनाही ही वही चालेल.

गुडघ्याचे दुखणे थांबेपर्यंत त्यावर भार देणारे कोणतेही काम करू नका. आठवडाभरात कमी झाले नाही, सूज आली किंवा जिना उतरताना कळ येऊ लागली, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. शहाबादी फरशीवर गुडघ्यांवर पडण्याचे सराव घेणे चूकच आहे. विभागाकडे सतरंज्या आणि जिमच्या जाड मॅट असतात, त्या मागून घ्या, आणि एकटीने मागण्यापेक्षा वर्गाने मिळून मागा. दुखणाऱ्या गुडघ्यांची संख्या तुमच्या एकटीपुरती नसेल, याची मला खात्री आहे.

आणि वार्षिक प्रयोगाच्या भूमिका वाटल्या जाण्याआधी शिक्षकांना भेटा. ‘सर, मला हे जमत नाही’ असे म्हणालात तर ते धीर देतील आणि विषय तिथेच संपेल. त्याऐवजी चित्रीकरण दाखवा, वेचणीचा तुकडा करून दाखवा, तोच तुकडा करताना एक स्वगत म्हणा आणि विचारा, की माझा आवाज कोणत्या जागी शरीरापासून सुटतो. ज्यांना चहातली खूण ओळखता आली, त्यांना याचे उत्तर देता येईल.